रंगसंगतीची सुरुवात कुठून करायची? (गुलबट टाइल, सागवानी दारं आणि एक मोरपंखी भिंत)

छटा_शिकतेय

नमस्कार मंडळी. घरातली रंगसंगती नीट पद्धतशीर शिकायची आहे. रंगचक्र, शेजारचे रंग, समोरासमोरचे रंग, ६०-३०-१० (६०% मुख्य रंग, ३०% दुय्यम, १०% भरीचा), हे सगळं वाचून झालंय. पण प्रत्यक्ष खोलीत उभं राहिलं की यातलं आधी काय लावायचं तेच कळत नाही. म्हणून उदाहरणाला एकच खोली देते.

बैठकीची खोली ४.५ मी. x ३.६ मी., उंची २.८ मी. खिडकी एकच, उत्तरेला, ३.६ मीटरच्या भिंतीत, १.८ x १.२ मी. दोन दारं, दोन्ही लांब भिंतींमध्ये, सागवानी पॉलिशची. जमिनीला बदामी टाइल, जरा गुलबट. सोफा गडद राखी, निळसर झाक असलेला. दिवे ६५०० केल्विनचे (थंड, निळसर पांढरे; केल्विन जितके कमी तितका उजेड पिवळा). टाइल, दारं आणि सोफा बदलायचे नाहीत. एक भिंत मोरपंखी हवी आहे, बाकीच्या भिंतींसाठी हस्तिदंती किंवा फिका राखी डोक्यात आहे.

निवडीचा क्रम काय असावा? शेडकार्डावरचा रंग भिंतीवर वेगळा का दिसतो? आणि मोरपंखी कुठल्या भिंतीवर?

झाक_पारखी

रंगचक्र तूर्तास बाजूला ठेवा. त्यावरचे रंग शुद्ध असतात आणि तुमच्या खोलीत शुद्ध असं काहीच नाही. प्रत्येक रंगाला तीन प्रश्न विचारायचे: कुळ कुठलं (लाल, पिवळं, निळं), उजळ की गडद, आणि भडक की मळकट. शिकताना बहुतेकांचं सगळं लक्ष पहिल्या प्रश्नावर असतं. खोली जमते किंवा फसते ती मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्यावर.

क्रम असा: जे बदलणार नाही ते आधी मांडा (टाइल, दारं, सोफा), मग कापड (पडदे, गालिचा), आणि भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे. रंगाच्या छटा हजारो मिळतात आणि हवी तशी मिसळूनही मिळते. पडद्याचं मनासारखं कापड दहा-वीस रंगांतच मिळतं. भिंत आधी रंगवून मग तिला जुळणारा पडदा शोधत फिरणं म्हणजे उलटा प्रवास.

आता झाक ओळखणं. टाइलवर कोरा पांढरा कागद ठेवा. "बदामी" म्हणून चालून जाणारी टाइल लगेच गुलबट, पिवळट किंवा हिरवट बोलायला लागते. मग दोन पांढऱ्या कार्डांना २-२ सेंमीची चौकोनी भोकं पाडा, एक टाइलवर ठेवा, दुसरं शेडकार्डातल्या छटेवर, आणि भोकातूनच बघा. आजूबाजूचं झाकलं गेल्यामुळे डोळा फसत नाही. फिक्या छटेची झाक कळत नसेल तर त्याच पट्टीतली सगळ्यात गडद छटा बघा. फिक्यात लपलेला जांभळा किंवा हिरवा तिथे बहुधा उघडा पडतो.

तुमच्या दोन्ही पर्यायांबद्दल मला शंका आहे. प्रत्येक रंग शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध दिशेला ढकलतो. पॅरिसच्या गोबलॅं या चित्रवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेल्या रसायनतज्ज्ञ शेवरल यांनी हे १८३९ मध्ये सविस्तर मांडलं. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती आणि दोष निघाला शेजारच्या धाग्यांचा. तुमच्या खोलीत गुलबट टाइलशेजारी पिवळट हस्तिदंती आला की टाइल आणखी गुलाबी दिसेल आणि भिंत हिरवट-पिवळी. सागवानी नारिंगी तपकिरीशेजारी फिका राखी ठेवलात तर तो निळसर दिसेल, आणि त्याच्यात मुळातच लाल झाक असेल तर सरळ जांभळट. कार्डावर राखी, भिंतीवर जांभळट, ही तक्रार ऐकू येते ती बहुतेक याचमुळे.

गुलबट टाइलशी दोनच प्रकारे वागता येतं. एक तर तिच्याच कुळात राहायचं: तीच झाक, पण खूप उजळ आणि बरीच मळकट. नाहीतर स्पष्ट विरोधात जायचं, म्हणजे हिरवट राखी किंवा मोरपंखी. अधलंमधलं काही चालत नाही, ते कायम चुकून आल्यासारखं दिसतं. तुम्ही विरोधाचं काम मोरपंखी भिंतीला दिलंच आहे, तेव्हा बाकीच्या तीन भिंती टाइलच्या कुळात ठेवा. किंचित राखी मिसळलेला उबदार पांढरा शोधा. कागदाशेजारी धरल्यावर तो पिवळा न वाटता मातकट-गुलबट वाटला पाहिजे. खोलीत आपोआप दोन पक्ष होतील: टाइल, दारं आणि फिक्या भिंती एकीकडे, सोफा आणि मोरपंखी दुसरीकडे.

उजेड_आधी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. उजेडाची बाजू मी मांडतो, कारण कार्ड आणि भिंत यांतला फरक नुसत्या शेजाऱ्यांमुळे पडत नाही.

भिंतीवर पडलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर उसळतो, तिथून परत येतो आणि प्रत्येक वेळी थोडा रंगून येतो. समजा एखादा रंग लाल प्रकाश ८०% परत पाठवतो आणि निळा ६०%. पहिल्या उसळीनंतर लाल-निळ्याचं गुणोत्तर १.३३. दुसऱ्या उसळीत ०.६४ भागिले ०.३६, म्हणजे १.७८. तिसरीत २.३७. कार्ड तुम्हाला पहिलीच उसळी दाखवतं, खोली सगळ्या उसळींची बेरीज दाखवते. म्हणून पिवळा, अबोली, गुलाबी हे रंग चारही भिंतींवर गेले की अंगावर येतात, आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त. कार्डावर जो आवडला त्यापेक्षा एक पायरी मळकट घ्यायचा, तो यासाठी. नुसता एक पायरी फिका घेतला तर भडकपणा बऱ्याचदा तसाच राहतो.

दुसरा अंक बघायचा तो एलआरव्हीचा, म्हणजे पृष्ठभाग किती टक्के प्रकाश परत पाठवतो तो. ० म्हणजे काळा, १०० म्हणजे आदर्श पांढरा. बऱ्याच कंपन्या तो शेडकार्डाच्या मागे किंवा संकेतस्थळावर देतात. ढोबळ मानाने छत ७० ते ९०, भिंती ५० ते ७०, जमीन २० ते ४० असेल तर खोली डोळ्यांना सुखाची वाटते. तुमच्याकडे खिडकी एकच आणि तीही उत्तरेची, म्हणून फिक्या भिंती ६५ ते ७५ मध्ये ठेवा. त्याहून वर गेलात तर पांढऱ्याखेरीज काही दिसणार नाही. गडद मोरपंखी साधारण १० च्या आसपास असतो, म्हणजे तिथला बहुतेक उजेड भिंतच गिळणार. म्हणून ती जागा जपून निवडायची.

खिडकी ज्या भिंतीत आहे तिथे तर मुळीच नको. त्या भिंतीवर खिडकीचा उजेड थेट पडतच नाही. दिवसा मोरपंखी काळपट दिसेल आणि मधल्या उजळ चौकोनाने डोळे दिपतील. लांब भिंतींवर उजेड घासत जातो, त्यात पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. शिवाय तिथे सागवानी दार भिंतीला मधेच तोडतं. खिडकीसमोरची ३.६ मीटरची भिंत घ्या. उजेड समोरून येतो, रंग खरा दिसतो, भिंत अखंड मिळते. गडद रंग जवळ आल्यासारखा भासतो, त्यामुळे खोली लांबीला थोडी आटोपशीर वाटेल. ४.५ मीटरला ते चालतं.

उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून येतो तो मुख्यतः आकाशाचा उजेड: दिवसभर बराचसा सारखा आणि निळसर. त्यात रात्री पुन्हा ६५०० केल्विनचे दिवे लावले तर सागवान मेलेला दिसतो आणि मोरपंखी नुसता निळा होतो. २७०० ला तोच मोरपंखी हिरव्याकडे झुकतो आणि गुलबट टाइल नारिंगी होते. तुमच्या खोलीला ३५०० ते ४००० केल्विन योग्य वाटतं, रंगदर्शकता (सीआरआय, दिव्यात रंग कितपत खरे दिसतात ते) ९० किंवा जास्त. दिव्याच्या खोक्यावर आर९ हा अंक दिला असेल तर तोही बघा. गडद लाल कितपत खरा दिसतो ते तो सांगतो, सीआरआयच्या सरासरीत तो धरलेला नसतो, आणि लाकूड व माणसाची त्वचा दोन्ही त्याच्यावर अवलंबून असतात. दिवे आधी बदला, नमुने मग बघा. उलट केलंत तर निवड दोनदा करावी लागेल.

गणिती_भिंत

६०-३०-१० वर थोडी बेरीज-वजाबाकी. हा नियम लोक वस्तू मोजून लावतात, तो क्षेत्रफळाने लावायचा असतो.

भिंतींचा परीघ १६.२ मी. x २.८ = ४५.४ चौ. मी. त्यातून दारं ३.८ आणि खिडकी २.२ वजा, उरले ३९.४. छत १६.२, जमीन १६.२. यात दारांचे ३.८ परत धरले की एकूण दिसणारा पृष्ठभाग ७५.६ चौ. मी. मोरपंखी भिंत १०.१ म्हणजे १३%. जमीन आणि दारं मिळून २०, म्हणजे २६%. छत आणि तीन फिक्या भिंती ४५.५, म्हणजे ६०%.

थोडक्यात, तीस टक्क्यांचा रंग टाइल आणि सागवानाने आधीच अडवून ठेवलाय आणि दहाची जागा मोरपंखी भिंतीने भरून वर थोडी सांडलीय. आता मोरपंखी पडदे आणि मोरपंखी उशाही आणल्या तर ती भर उरणार नाही, मुख्य रंगच होईल. पडदे फिक्या भिंतीच्या रंगात. मोरपंखी दुसरीकडे हवाच असेल तर एखाद-दुसऱ्या छोट्या वस्तूत, तोही जरा मळकट.

आणखी एक तपासणी: सगळे नमुने एकत्र ठेवून फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. टाइल आणि सागवान एकाच करड्या रंगात मिसळून गेले तर खोली सपाट दिसणार. किमान तीन वेगळ्या पायऱ्या दिसायला हव्यात: उजळ, मधली, गडद. घरात कोणाला कमी दिसत असेल तर दार आणि शेजारची भिंत यांच्या एलआरव्हीत ३० चा फरक ठेवा. ब्रिटिश सुगम्यता मानकं हाच आकडा धरतात.

छटा_शिकतेय

खूप उपयोगी. तीस टक्के आधीच खर्च झालेत हे लक्षातच आलं नव्हतं. आता दोन शंका. नमुना भिंतीवरच मारून बघावा का? आणि कोपऱ्यात मोरपंखी आणि फिका रंग भेटतात तिथे सरळ रेघ कशी आणायची? मास्किंग टेपच्या खालून रंग झिरपतो असं सगळीकडे वाचते. पेंटर म्हणतात की मोरपंखीलाही दोनच हात पुरतील.

झाक_पारखी

नमुना भिंतीवर नको. आजूबाजूचा जुना रंग तुमच्या नमुन्याला ढकलत राहतो आणि चार चौकोन शेजारी मारले की तेही एकमेकांना बिघडवतात. जाड पुठ्ठा घ्या, निदान ४० x ६० सेंमी, त्यावर रोलरनेच दोन हात, कडेपर्यंत. पांढरी किनार सोडू नका, तिच्यामुळे रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो. पूर्ण एक दिवस वाळू द्या. बहुतेक इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) ओलं असताना फिकं आणि वाळल्यावर थोडं गडद दिसतं.

मग पुठ्ठा उभा धरा, खालची कड टाइलला आणि बाजू दाराच्या चौकटीला टेकवून. हातात आडवा धरलात तर छताचा उजेड पडून तो जास्त उजळ वाटतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात, त्या त्या भिंतीपाशी नेऊन बघा. सोफ्याचा कापडाचा तुकडा मिळाला तर तोही लावून बघा. दिवसा जुळलेली जोडी रात्री फुटू शकते, कारण कापडाचा रंग आणि भिंतीचा रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे असतात. एका उजेडात सारखे दिसले म्हणजे दुसऱ्यात दिसतीलच असं नाही.

रोलर_आणि_ब्रश

मोरपंखीला दोन हात पुरतील याची खात्री नाही. गडद छटा ज्या बेसमध्ये (छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात) मिसळतात त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य फार थोडं असतं, आणि झाकायचं काम तेच करतं. पांढऱ्या प्रायमरवर दोन हात मारले तर रोलरच्या पट्ट्यांतून पांढरं डोकावतं. त्या एका भिंतीला मध्यम राखी प्रायमर मारा. बरेच दुकानदार प्रायमरमध्ये काळा टिंटर घालून देतात. त्यावर दोन हात बहुधा पुरतात. तिसऱ्याचा हिशेब मात्र धरून ठेवा.

प्रमाण: प्रति लिटर प्रति हात १० चौ. मी. धरा. तीन फिक्या भिंती २९.३ x २ हात = ५.९ लिटर, थोडा राखीव धरून ६.५. मोरपंखी १०.१ x ३ = ३ लिटर, राखीव धरून ३.३. एका छटेचे सगळे डबे एकदमच मिसळून घ्या आणि सुरुवात करण्याआधी मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळा. मशीनवर मिसळलेल्या दोन डब्यांतही सूक्ष्म फरक येतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो.

तयारीत टाळाटाळ चालणार नाही, कारण गडद रंग काहीच माफ करत नाही. जुना रंग १५० ते १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पोपडे काढा, पुट्टीचे दोन पातळ थर द्या, मग २२० चा पेपर. त्यानंतर बॅटरी भिंतीला चिकटवून आडवा उजेड पाडा. ज्या लाटा दिसतील त्या आत्ताच बुजवा. प्रायमर पूर्ण भिंतीला, नुसत्या पुट्टीच्या ठिगळांना नाही. ठिगळ जास्त शोषतं आणि वरून रंग कोरडा-चमकता असा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. प्लास्टर नवं असेल तर साधारण २८ दिवस जाऊ द्या आणि अल्कली-रोधक प्रायमर वापरा. ओलं, क्षारयुक्त प्लास्टर काही रंगद्रव्यं खाऊन टाकतं आणि भिंतीवर पांढरे चट्टे उठतात.

आता रेघ. आधी छत, मग तीन फिक्या भिंती. फिका रंग कोपरा ओलांडून मोरपंखीच्या भिंतीवर २ सेंमी आत न्या आणि निदान २४ तास वाळू द्या. कोपरा कधीच सरळ नसतो, म्हणून रेघ कोपऱ्याच्या भरवशावर सोडू नका. लेव्हल किंवा लेझर लावून, कोपऱ्यापासून २-३ मिमी मोरपंखीच्या बाजूला पेन्सिलची बारीक खूण करा. टेप त्या खुणेवर, फिक्या बाजूला. कड बोटाने नाही, पुट्टीच्या पत्र्याच्या पातीने दाबा.

झिरपणं थांबवायची युक्ती अशी: टेपच्या कडेवर आधी तोच फिका रंग ब्रशने पातळ मारा. झिरपला तर फिक्यावर फिकाच झिरपेल आणि टेपखालच्या फटी बंद होतील. तो वाळला की मोरपंखी. शेवटचा हात मऊ असतानाच टेप ४५ अंशात, सावकाश, स्वतःवर उलटा दुमडत ओढा. पूर्ण वाळल्यावर ओढलीत तर रंगाची कातडी टेपबरोबर निघते. उशीर झालाच तर कटरने रेघ हलकेच कापून घ्या.

मारताना: कडा ५० मिमीच्या ब्रशने कापा, पण एका वेळी मीटरभरच. ते ओलं असतानाच रोलर कडेपासून २-३ सेंमीपर्यंत आणा. आधी चारही कडा कापून मग मधला भाग भरला तर भोवती चौकट उमटते. ब्रशचा पोत आणि रोलरचा पोत वेगळे दिसतात. रोलर ९ ते १२ मिमी लवेचा. भिंत एका दमात संपवा, पंखा बंद ठेवा. वाळलेल्या कडेवर ओला रोलर गेला की पट्टा उमटतो आणि गडद रंगात तो जात नाही. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. पसरायला सोपं जातं म्हणून निम्मं पाणी घातलं तर झाकणारा पापुद्राच राहत नाही, आणि मग तिसरा हात, चौथा हात असं वाढत जातं.

उजेड_आधी

एक राहिलं, चमक. मोरपंखी भिंत खिडकीसमोर असल्याने सॅटिन किंवा ग्लॉस घेतलात तर खिडकीचं प्रतिबिंब त्यात पडेल आणि दिवसा अर्धी भिंत पांढुरकी दिसेल. अगदी मॅट घेतलात तर सोफ्याची पाठ घासून तिथे चकचकीत डाग पडतात, आणि गडद मॅटवर ते पुसून जात नाहीत. मधला मार्ग म्हणजे धुता येणारं मॅट किंवा अगदी कमी चमकेचं इमल्शन, आणि सोफा भिंतीपासून ५ ते ७ सेंमी पुढे.

रोलर_आणि_ब्रश

हे अगदी बरोबर. पहिले तीन-चार आठवडे भिंत ओल्या फडक्याने पुसू नका, वरून वाळली तरी आत पक्की व्हायची असते. उरलेला मोरपंखी छोट्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत ठेवा आणि वर छटेचा क्रमांक, बेस आणि तारीख लिहा. पुढे ठिगळ मारायची वेळ आली तर मूळ रोलरच्याच लवेचा छोटा रोलर वापरा आणि कडा विरळ करत न्या. तरीही ठिगळ दिसलंच तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात द्या, मोरपंखीला दुसरा उपाय नाही.